कपाटाची किल्ली कोणाकडे?

या महिन्याच्या टपालात शाळेतल्या वाचनालयाविषयीची पत्रं जास्त निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच की मी वर्धा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात ग्रंथपाल होते. आता निवृत्त आहे आणि शनिवारी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पोरांना पुस्तकं बदलून देते. पत्रं लांबलचक होती, मुद्द्यापुरती छापली आहेत.

प्रश्न : ताई, मी डी.एड. करून घरीच आहे, शेतीला हातभार लावतो. आमच्या गावच्या आठवीपर्यंतच्या शाळेत दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत, पण कुलूप उघडत नाही. मी फुकटात सांभाळतो म्हटलं तर मुख्याध्यापक म्हणाले, "हरवली तर भरून तू देशील का?" त्यांना कसं पटवू?
– एक तरुण, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आधी सरांना खलनायक ठरवू नकोस. त्यांची भीती खोटी नाही. शाळेतलं एकेक पुस्तक दाखल नोंदवहीत चढलेलं असतं. सरांची बदली झाली की चार्ज देताना ते मोजून द्यावं लागतं. पाच पुस्तकं कमी भरली की पुढचे सर सही करायला कां-कूं करतात. कधीच न वाचलेलं पुस्तक मात्र कोणालाच अडचणीत आणत नाही. तपासणीला आलेले साहेब नोंदवही बघतात, पानांचे कोपरे मळलेत का ते कोणी बघत नाही. कुलूप लावणारा निर्धास्त आणि उघडणारा कायम धास्तीत, अशीच सगळी रचना आहे. तुझा उत्साह कितीही असो, ही धास्ती आधी कमी करावी लागेल.

त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ही समिती प्रत्येक सरकारी शाळेत असते, तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. तुझ्या गावातलेच लोक आहेत, एखादी तुझी काकू-मावशीही निघेल. समितीच्या बैठकीत साधा ठराव करून घे : पुस्तकं मुलांना घरी वाचायला दिली जातील, वापरानं फाटलेल्या आणि गहाळ झालेल्या पुस्तकांचा निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव वर्षाअखेरीस पाठवला जाईल, मुलांकडून दंड घेतला जाणार नाही. खाली सगळ्यांच्या सह्या. आता हरवलेल्या पुस्तकाचं ओझं एकट्या सरांच्या डोक्यावर राहत नाही. याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं हवीत, असंही आहे. पण ते कलम सरांच्या तोंडावर फेकू नकोस. चहा पिता पिता सांग.

मग दोन्ही कपाटं मागू नकोस, एक फळी माग. तिच्यावर पातळ, चित्रांची, मोठ्या टायपाची पुस्तकं लाव, आणि पुठ्ठा दिसेल अशी लाव. कणा दाखवून उभी केलेली पुस्तकं लहान पोरं उचलत नाहीत. देवघेव वहीत पाच रकाने पुरेत : तारीख, दाखल क्रमांक, नाव, वर्ग, परत. नोंद मुलांनाच करू दे. आमच्याकडे तिसरीतली एक पोरगी जिभेचं टोक बाहेर काढून अशी तब्येतीत लिहिते की मागची रांग कुरकुरते. तिला घाई करायची नाही, हे रांगेतल्यांनाही आता ठाऊक झालं आहे.

हरवण्याचं म्हणशील तर "हरवलेली" बहुतेक पुस्तकं कोणाच्या तरी घरी फळीवर, नाहीतर धाकट्या भावाच्या हातात असतात. घरी जाऊन चौकशीच्या सुरात विचारलं की निघतात. जी खरोखर निघत नाहीत ती नेमकी सगळ्यांना हवी असलेलीच असतात. आमच्याकडचं वाघाचं एक पुस्तक असंच गेलं. पोरं अजून विचारतात, "मॅडम, थे वाघाचं कोठी गेलं?" असं पुस्तक गेलं की तेच पुन्हा विकत घ्यावं. न हरवणाऱ्या पुस्तकांवर पैसे घालून काय मिळणार?

भारतातले मोठे ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरासाठी असतात हा आहे, आणि तो समजावताना ते युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत साखळीनं बांधून ठेवलेल्या पुस्तकांची गोष्ट सांगतात. आपल्याकडे साखळी नव्हती, म्हणून आपण लोखंडी कपाट आणलं.

आणखी एक. तू बाहेरचा माणूस आहेस, तेव्हा मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घे, शाळेच्या वेळेतच बस, आणि खोलीचं दार उघडं ठेव. एकट्या मुलासोबत बंद खोलीत कधीच बसायचं नाही, कितीही ओळखीचं घर असलं तरी. हे तुझ्यासाठीही आहे आणि पोरांसाठीही.

प्रश्न : मी आठवीत आहे. आम्ही मैत्रिणींनी वाचन गट सुरू केला. वाचन प्रेरणा दिनाला त्याचं उद्घाटन झालं. तेव्हा वर्ग भरून मुलं होती, आता आम्ही चार-पाच जणीच उरलो. मुलगे तर येतच नाहीत. सर म्हणतात, वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहा. आणि एका पुस्तकाची एकच प्रत असते. गट कसा चालवू?
– एक विद्यार्थिनी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : बाळा, चार-पाच जणी म्हणजे गट आहे की! वर्ग भरून होता तो उद्घाटनाचा कार्यक्रम होता.

वाचन प्रेरणा दिन येतो १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला. आपल्या भागात त्यानंतर लगेच दिवाळी, आणि दिवाळीच्या मागोमाग कापूस. आई वेचणीला गेली की मोठी पोरगी घरी लहानग्याला सांभाळते, शनिवारी पोरंही वावरात जातात. अशा दिवसांत सुरू झालेला गट विस्कटला तर त्यात तुझं काही चुकलं नाही. पुढच्या वर्षी शाळा उघडली की जुलैत सुरू कर. पावसात मैदानावर चिखल असतो, पोरं व्हरांड्यातच घुटमळतात. पोळा, तान्हा पोळा आणि महालक्ष्म्या यायच्या आत गटाची सवय लागली की कापसाच्या दिवसांत थोडा विरळ झाला तरी मोडत नाही.

आता मुलग्यांचं. तुम्ही गटात पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायला लावता का? लावत असाल तर ते बंद करा. सातवी-आठवीतल्या बऱ्याच पोरांना अडखळल्याशिवाय वाचता येत नाही, आणि मुलींसमोर अडखळण्यापेक्षा ते क्रिकेटला जाणं पसंत करतात. "आम्हाले नाही आवडत पुस्तकं" म्हणतात, पण बहुतेकदा ती लाज असते. तुमच्यात जी छान वाचते तिनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. ऐकणाराही गटाचा सभासदच. एकच प्रत असण्याची अडचणही त्यातच सुटते. तीस-चाळीस मिनिटांत होईल एवढीच गोष्ट घ्या, नाहीतर मोठी गोष्ट हप्त्यांनी घ्या आणि ऐन रंगात आल्यावर पुस्तक मिटा. "मंग?" असं कोणी ओरडलं की समजायचं, पुढच्या शनिवारी माणसं येणार. कोणाला तोवर थांबवत नसेल तर त्यानं पुस्तक घरी न्यावं. अडखळत का होईना, तो ते वाचतो, कारण पुढचं त्याला हवं असतं.

वाचून झालं की "या गोष्टीचं तात्पर्य काय?" विचारायचं नाही. तो प्रश्न परीक्षेचा आहे आणि सगळ्यांना त्याचं उत्तर आधीच पाठ असतं. कोणाचा राग आला, कुठे कंटाळा आला, कुठलं पान पुन्हा ऐकायचं, गोष्टीतल्यानं केलं ते तू केलं असतंस का, असं विचारा. आमच्या शाळेत एकदा एका शेतकऱ्यानं बैल विकल्याची गोष्ट वाचली. अर्धी पोरं म्हणाली विकायला नको होता, अर्धी म्हणाली पेरणीले पैसा कोठून आणंन? भांडण पेटलं. मागे भिंतीला टेकून बसलेला, कधी न बोलणारा एक सातवीतला पोरगा म्हणाला, "आमच्या बाबानंबी इकला. रात्री जेवला नाही मंग." वर्ग गप्प झाला, आणि मग त्याच पोरानं बैलाचं नाव, रंग, शिंगं सगळं सांगितलं. त्या दिवशी पुस्तक अर्ध्यातच राहिलं. त्यानंतर तो पोरगा शनिवार चुकवत नाही.

सारांशाबद्दल सरांशी बोल, पण नाही म्हणायला जाऊ नकोस, बदल्यात काही घेऊन जा. सरांना वर फोटो आणि अहवाल पाठवावा लागतो, त्यांना हातात दाखवायला काहीतरी हवं असतं. गटाची एक वही कर. पुस्तकाचं नाव, आणि खाली प्रत्येकाचं एकच वाक्य : हे पुस्तक कोणाला द्यावं आणि का. "हे माझ्या आजीला वाचून दाखवीन, तिला साप आवडतात" असं एक वाक्य आमच्या वहीत आहे. सारांशाच्या दहा ओळींतून सरांना एवढं कळलं नसतं.

पुस्तकं संपली तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाकडे वळा. १९७१ पासून निघतं, आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. शाळेत संगणक किंवा टॅब धूळ खात पडला असेल तर हा त्याचा चांगला उपयोग.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात आहे. आम्ही तिथल्या शाळेत वाचनालय उभारून वाचन चळवळ सुरू करायची ठरवली आहे. मार्गदर्शन करावे.
– बी.ए. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : सात दिवसांत चळवळ होत नाही. सात दिवसांत कपाट होतं. ते नीट करा, गाव दुवा देईल.

शिक्षकांना जे करायला कधीच सवड मिळत नाही ते तुम्ही करा, कारण तुमच्याकडे माणसं आहेत. सगळी पुस्तकं बाहेर काढून झटका. दाखल नोंदवहीशी पडताळणी करा, सापडलेल्यांपुढे बारीक खूण, न सापडलेल्यांची वेगळी यादी. ढीग करताना विषय बघू नका, वाचणारं पोर बघा : नुसती चित्रं, चित्राखाली एक-दोन ओळी, छोटी गोष्ट, मोठी गोष्ट. प्रत्येक ढिगाला एक रंग, कण्यावर त्या रंगाची चिकटपट्टी. पाचवीतल्या पोराला मग पुस्तक जागेवर ठेवायला कोणाला विचारावं लागत नाही. फाटकी वेगळी काढा, कव्हर घाला. शेवटचे दोन दिवस सहावी-सातवीच्या पोरांना शेजारी बसवून देवघेव शिकवा, कारण तुमची गाडी गेल्यावर तेच चालवणार आहेत.

भिंतीवर "वाचाल तर वाचाल" रंगवू नका, हात जोडून सांगते. जिल्ह्यात अशी भिंत नसलेली शाळा शोधावी लागेल. रंगाच्या पैशात चार सतरंज्या येतील, त्या घ्या. बसायला जागा नसेल तर कोण वाचणार?

रासेयोत वर्षाचे १२० तास भरायचे असतात ना? शिबिर संपल्यावर तुमच्यातल्या दोघा-तिघांनी उरलेल्या तासांतून महिन्यातला एक शनिवार त्याच शाळेला द्यावा. प्राध्यापकांना आधी विचारून घ्या, नियमित कामाचे तास म्हणून धरायला सहसा हरकत नसते.

प्रश्न : माझ्या वर्गातली सगळी मुलं घरी माडिया बोलतात. शाळेतली मराठी पुस्तकं त्यांना परकी वाटतात, हातात घेऊन ठेवून देतात. वाचन गट कसा घेऊ?
– एक शिक्षिका, ता. एटापल्ली, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, तुमच्या मुलांकडे गोष्टींची कमी नाही. त्या अजून छापल्या गेल्या नाहीत, एवढंच. तेव्हा तुमच्या वाचनालयाची पहिली पुस्तकं मुलांनीच करावीत. गावातल्या एखाद्या आजीला किंवा आजोबांना शाळेत बोलवा. मोहफुलं वेचायचे दिवस सोडून बोलवा, तेव्हा पहाटेपासून कोणी घरी सापडत नाही. त्यांनी माडियातच गोष्ट सांगावी. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, मोठ्या मुलांनी ऐकत ऐकत ती देवनागरीत उतरवावी, लहानांनी चित्रं काढावीत. कोरे कागद मधोमध दुमडून सुईदोऱ्यानं शिवले की पुस्तक झालं. एका पानावर माडिया, समोरच्या पानावर तुमच्या मदतीनं मराठी. आणि त्या पुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक द्या. मी यावर अडून बसते. छापील पुस्तकाशेजारी आपलं पुस्तक, तसाच शिक्का मारलेलं, हे बघताना पोरांचे चेहरे बघा.

मराठी पुस्तकांतली आधी बिनशब्दांची आणि चित्रांची घ्या. तुम्ही पान दाखवायचं, मुलांनी त्यांच्या बोलीत बोलायचं. वाचून दाखवायची घाई नको. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसोबत गोंडी पुस्तकंही आहेत, उतरवून छापायला परवानगी आहे आणि पैसे लागत नाहीत. माडिया गोंडीच्या नात्यातलीच, पण तिथली गोंडी म्हणजे तुमच्या मुलांची माडिया नव्हे. आधी गावातल्या जाणत्या माणसाला वाचून दाखवा. तो जिथे हसेल किंवा डोकं खाजवेल तिथले शब्द मुलांकडून बदलून घ्या, तोही वाचनाचा चांगला तास होतो.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. वाचनालयातून फक्त भुताच्या गोष्टी आणि विनोदाची पुस्तकं आणतो. थोर पुरुषांची चरित्रं आण म्हटलं तर तोंड फिरवतो. बंद करू का?
– एक आई, ता. चिखली, जि. बुलडाणा

उत्तर : नका करू, ताई. तुम्हीही रात्री मालिका बघताना थोर पुरुष शोधत नसाल. वाचू द्या. फार तर म्हणा, एखादी भुताची गोष्ट मला वाचून दाखव.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या शाळेच्या वाचनालयाच्या खोलीत ओल येते, वाळवी लागते. शिवाय माजी विद्यार्थी पोती भरभरून जुनी पुस्तकं देणगी देतात. नाही म्हणवत नाही. काय करावे?
– मुख्याध्यापिका, ता. भिवापूर, जि. नागपूर

उत्तर : कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि विटांवर चढवा. वाळवी भिंतीतून मातीची बारीक नळी करत येते. कपाट चिकटलेलं असलं की ती आत शिरेपर्यंत दिसत नाही, मोकळी जागा असली की झाडतानाच दिसते. खालची फळी पावसाळ्यापुरती रिकामी ठेवा. उघडीप मिळाली की दारं उघडून हवा लागू द्या, पुस्तकं सावलीत उभी करून पानं मोकळी करा. कडक उन्हात घालू नका, आपल्याकडचं ऊन कागदाला कुरकुरीत करून टाकतं.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू देऊ नका. वर्ष-दोन वर्षांत ती पिवळी पडते, सुटते, आणि जाताना अक्षरं घेऊन जाते. पातळ पतंगी कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ लावा. मैदा थंड पाण्यात कालवून गुठळी मोडायची, मंद आचेवर हलवत शिजवायचा, पारदर्शक दिसू लागला की उतरवायचा. बोटानं नको, ब्रशनं, अगदी पातळ. पट्टी बसली की वर-खाली मेणकागद ठेवून पुस्तकावर वजन, रात्रभर. बांधणीवाले खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे. पोरं हे काम करणार असतील तर मोरचूद घालायचाच नाही, खळ त्या दिवसापुरतीच करायची आणि उरलेली टाकून द्यायची. शनिवारी दुरुस्तीचा एक तास ठेवलात तर बघा, वाचायला न येणारी पोरंसुद्धा या कामाला येतात. फाटकं पान जुळवताना ते वाचावंच लागतं.

देणगीचं. पोती उघडली की काय निघतं ते तुम्हाला आणि मला दोघींना ठाऊक आहे : स्पर्धा परीक्षेची जुनी गाइडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंकांतल्या जाहिराती. दात्याला नाही म्हणू नका, यादी द्या. "आम्हाला अमुक पुस्तकं हवीत" असा कागद शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. ज्याला मनापासून द्यायचं आहे तो यादीतलं आणतो, ज्याला घर रिकामं करायचं आहे तो रद्दीवाल्याकडे जातो. आलेलं पोतं दात्याच्या समोरच सोडा आणि लागेल तेवढंच दाखल करा. एकदा दाखल क्रमांक पडला की ते बाहेर काढायला पुन्हा निर्लेखन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम वाचा, तुमच्यासारख्या मुख्याध्यापकांसाठीच आहे ते.

प्रश्न : मी गावच्या शाळेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून पुस्तकं दिली. आता परीक्षा झाल्या की उन्हाळ्याची सुट्टी. सुट्टीत पुस्तकं द्यावीत की सगळी जमा करून कुलूप लावावं?
– एक स्वयंसेवक, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : द्यायची. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे पोरं जवळजवळ दोन महिने मोकळी. त्यात मेमधली दुपार अशी की घराबाहेर पाऊल टाकवत नाही. वाचायला याहून चांगला वेळ कोणता? तेंदूपत्त्याला घरच्यांसोबत जाणारी पोरं पहाटे जातात, दुपारी सावलीत पडून असतात, त्यांना पातळ पुस्तकं दे. प्रत्येकाला तीन निवडू दे. त्यातलं एक तरी असं हवं जे घरातलं दुसरं कोणी वाचेल, आईला चालेल, आजोबांना चालेल. कोणी मामाच्या गावाला नेत असेल तर वहीत मामाच्या गावाचं नाव लिहून ठेव. बाकी अडवू नकोस.

वाटप परीक्षेच्या शेवटच्या पेपरच्या दिवशीच कर. निकालापर्यंत थांबलास तर निम्मी पोरं येणार नाहीत. सरांकडे यादीची एक प्रत दे, दुसरी वाचनालयाच्या दाराला आतून चिकटव. परत घ्यायचा दिवस शाळा उघडल्यानंतरचा पहिला शनिवार. त्या दिवशी काही पोरं रिकाम्या हातानं येतील आणि दारात घुटमळतील. त्यांना रागावू नकोस, आत घे, आणि ज्यानं एकही परत आणलं नाही त्यालाही एक पुस्तक दे. मात्र दोन नको.